टॉवर, अणुबॉम्ब आणि सासऱ्यांशी वाद: मी मत मांडू की गप्प बसू?

ताई, नमस्कार. मी चेंबूरला राहते, वय ३६. फिजिक्समध्ये बीएस्सी केलंय, नववी-दहावीच्या मुलांना सायन्स शिकवते. आमची पाच मजली बिल्डिंग १९८६ ची आहे. गच्चीवर मोबाईल टॉवर लावू द्या, चांगलं भाडं देतो, अशी एका कंपनीची ऑफर आलीये. कमिटी तयार आहे, पण माझे सासरे ठाम विरोधात. बाबा ७० वर्षांचे आहेत, रिफायनरीत फिटर होते, आता रिटायर. दिवसभर फोनवर तेच. फाईव्ह जीने कॅन्सर होतो, टॉवरने चिमण्या मेल्या, इराणवर बॉम्ब पडले म्हणजे किरणोत्सर्ग मुंबईला येणार, गळ्याला बेटाडिन लावा, आणि युद्ध झालं की पहिला बॉम्ब आपल्या शेजारच्या बीएआरसीवर, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रावर. हे सगळं माझा नऊ वर्षांचा मुलगा ऐकतो आणि आता रात्री लाइट बंद करू देत नाही. मी वैतागून सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की टॉवर शंभर टक्के सेफ आहे, अडाण्यासारखे फॉरवर्ड पाठवू नका. तेव्हापासून बाबा माझ्याशी धड बोलत नाहीत. चेअरमन म्हणाले, वहिनी, आधी घरात एकमत करा. नवरा म्हणतो, तुला काय पडलंय, गप्प बस. सोसायटीची जनरल बॉडी मीटिंग जवळ आलीये. मी बोलू की नको? आणि माझं म्हणणं बरोबर आहे ना?
- चेंबूरची एक वाचक

*

बोल. नक्की बोल. तुला काय पडलंय हे तुझ्या नवऱ्याचं वाक्य मला अजिबात आवडलं नाही. तुझं घर त्या गच्चीखाली आहे, तुझं मूल तिथे झोपतं, तुला नाही पडायचं तर कोणाला पडायचं. मुंबईत कितीतरी सोसायट्या याच वाक्यामुळे बिघडल्यात, चार जण ठरवतात आणि बाकीचे दार लावून बसतात.

पण तू आत्तापर्यंत जे बोललीस त्यातलं अर्धं मला पटलं आणि अर्धं नाही, आणि काही गोष्टी तर तू बोललीच नाहीस ज्या सगळ्यात आधी बोलायला हव्या होत्या. आधी टॉवरचं घेऊ कारण ते मोजता येतं.

फिजिक्स तुझ्या बाजूने आहे, त्यात वाद नाही. मोबाईलच्या लहरी काही शे मेगाहर्ट्झपासून फाईव्ह जीच्या साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास असतात आणि आपल्याला डोळ्यांनी दिसणारा साधा प्रकाश त्याच्या लाखपट फ्रिक्वेन्सीचा असतो, म्हणजे एका कणामागची ऊर्जा पण तेवढीच जास्त. अणूतून इलेक्ट्रॉन उडवायचा, डीएनए तोडायचा तर त्याहून वरची, अल्ट्राव्हायोलेट आणि एक्स-रेची ऊर्जा लागते. टॉवरच्या लहरींचा पक्का माहीत असलेला परिणाम एकच, त्या शरीर किंचित गरम करू शकतात, आणि मर्यादा त्याच हिशोबाने ठरलीये. भारताने तर सप्टेंबर २०१२ पासून ती आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झला जगात चौरस मीटरला ४.५ वॅट चालतात तिथे आपण ०.४५ ठेवली. शिवाय अँटेनातून लहरी टॉर्चच्या झोतासारख्या समोर आणि जराशा खाली जातात, त्यामुळे ज्या बिल्डिंगवर टॉवर असतो तिच्या वरच्या मजल्यावर बऱ्याचदा समोरच्या बिल्डिंगपेक्षा कमी लहरी पोचतात. आणि एक गोष्ट बाबांना आवर्जून सांग, सिग्नल कमी असला की हातातला फोन जास्त जोर लावून लहरी सोडतो, म्हणजे टॉवर लांब ढकलला आणि मग लिफ्टजवळ उभं राहून कानाला फोन लावून अर्धा तास बोललं तर आपल्या डोक्याला उलट जास्त मिळतं.

मग कॅन्सरचं कुठून आलं? ते हवेतून आलेलं नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना टू-बी गटात टाकलं, म्हणजे कॅन्सर होण्याची शक्यता नाकारता येत नाही पण पुरावा तोकडा आहे असा गट. त्यातही मुख्य चर्चा खूप वर्षं कानाला फोन लावून बोलणाऱ्यांची होती, गच्चीवरच्या टॉवरची नव्हे. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे आणि आशियाई पद्धतीने खारवलेल्या भाज्याही आहेत. पुढे २०२४ मध्ये याच जागतिक आरोग्य संघटनेने करून घेतलेला मोठा आढावा आला, त्यात मोबाईल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध सापडला नाही. एवढं सगळं बाबांच्या फॉरवर्डमध्ये नसतं, त्यात फक्त २०११ चं अर्धं वाक्य असतं.

चिमण्यांचं पण तसंच. टॉवरनेच चिमण्या गेल्या असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. कौलारू घरं गेली, वळचणी गेल्या, काचेच्या भिंती आल्या, पिल्लांना भरवायला लागणारे किडे कमी झाले, ही कारणं मला जास्त पटतात. पण चिमण्या कमी झाल्या हे बाबांचं निरीक्षण खोटं नाही, हे पण मान्य कर.

आता तुझं शंभर टक्के सेफ. सायन्स शिकवणाऱ्या माणसाने असं लिहू नये असं मला मनापासून वाटतं. जे माहीत आहे ते तेवढंच सांग, की आत्तापर्यंतच्या अभ्यासात मर्यादेच्या आतल्या टॉवरपासून नुकसान दिसलेलं नाही, आणि आपल्या गच्चीवर मर्यादा पाळली जाते की नाही ते आपण मोजून घेऊ. ही मोजणी खरंच करता येते. दूरसंचार विभागाचं तरंग संचार म्हणून पोर्टल आहे, त्यावर आपल्या आजूबाजूचे टॉवर दिसतात आणि फी भरून मोजणीची मागणी करता येते. टॉवर लागायच्या आधी एकदा मोजून घ्या, चालू झाल्यावर पुन्हा, आणि दोन्ही आकडे नोटीस बोर्डवर लावा, आणि ती फी भाड्यातून जाईल असं करारातच घाला. तू शंभर टक्के म्हणालीस की समोरचा एक अपवाद शोधून आणतो आणि तिथेच सगळं संपतं, आकडा ठेवलास तर त्याला निदान आकड्याशी बोलावं लागतं.

आणि बिल्डिंग १९८६ ची म्हणजे तीस वर्षांच्या पुढची, तिला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारकच आहे. ते झालंय का? शेवटचं कधी झालं? गच्चीच्या स्लॅबवर टॉवरचं वजन, बॅटऱ्या, कदाचित डिझेल जनरेटर, पावसाळ्यात वाऱ्याचा जोर, हे सगळं पेलेल असं कोणी इंजिनिअरने लिहून दिलंय का? मे २०२४ मध्ये घाटकोपरचं होर्डिंग पडलं, १७ माणसं गेली. चाळीस बाय चाळीस फुटांची परवानगी मिळू शकते अशा शहरात ते एकशेवीस बाय एकशेवीसचं उभं होतं, रोज हजारो लोक खालून जात होते आणि कोणालाच ती आपली गोष्ट वाटली नाही. मला तुमच्या टॉवरच्या लहरींची काळजी वाटत नाही, मला त्याच्या बोल्टची वाटते. लहरींवरून सोसायटी तासभर भांडेल आणि वजनाचा विषय दोन मिनिटांत मंजूर होईल, हे होऊ देऊ नकोस.

आता इराण.

जून २०२५ मध्ये इराणच्या फोर्डो, नतांझ, इस्फहान या अणुकेंद्रांवर हल्ले झाले तेव्हा हा मेसेज सगळीकडे फिरला. पण त्या जागा युरेनियम समृद्ध करायच्या, म्हणजे त्यातला कामाचा भाग वाढवायच्या, आणि त्यावर प्रक्रिया करायच्या आहेत, तिथे वीज बनवणारी चालू अणुभट्टी नाही. अणुभट्टीत युरेनियम फुटून जे भयंकर तीव्र किरणोत्सारी पदार्थ तयार होतात ते तिथे त्या प्रमाणात नसतात, त्यामुळे तिथे धोका मुख्यतः आवारातला, विषारी रसायनाचा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तेव्हा सांगितलंही होतं की बाहेरच्या भागात किरणोत्सर्ग वाढलेला नाही. त्या संस्थेच्या प्रमुखांना खरी काळजी होती ती बुशेहरची, कारण तिथे चालू अणुभट्टी आहे. आणि मुंबई तिथून कुठे, आणि मोजायचं म्हणशील तर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रांचं देशभरचं जाळं बीएआरसीच चालवतं, म्हणजे मोजणारे लोक तुमच्याच शेजारी बसलेत. बेटाडिनचा मेसेज तर जुना आहे, २०११ मध्ये फुकुशिमाच्या वेळी तो फिलिपिन्समध्ये फिरला होता आणि तिथल्या सरकारला तो खोटा आहे असं सांगावं लागलं होतं. गळ्याला बाहेरून बेटाडिन फासून थायरॉइडला काहीही संरक्षण मिळत नाही. आयोडीनच्या गोळ्या वेगळ्या, त्या पण फक्त किरणोत्सारी आयोडीन हवेत सुटलं असेल तेव्हा आणि सरकारी यंत्रणेने सांगितलं तरच घ्यायच्या. घरात कोणाला थायरॉइडचा त्रास असेल तर उगाच घेतलेलं आयोडीन वाईट करू शकतं, म्हणून हे मेसेज मला नुसते मूर्खपणाचे वाटत नाहीत, धोक्याचे वाटतात.

बीएआरसीवर बॉम्ब पडेल का, हे मात्र मोजता येत नाही. इथे तू आणि मी कितीही शिकलेल्या असलो तरी आपलं फक्त मत असतं, आणि मत आहे असंच म्हणायचं. माझं मत सांगते. भारत आणि पाकिस्तानमध्ये एक करार आहे, ३१ डिसेंबर १९८८ ला सही झालेला, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या, २६/११ झालं, तरी पुढच्या १ जानेवारीला यादी गेली आणि आली. मला या कागदाचं फार मोल वाटतं. करार म्हणजे चिलखत नाही हे मला कळतं, पण एकमेकांशी धड बोलत नसलेली दोन सरकारं दर वर्षी न चुकता एक गोष्ट करतात ती त्यांनाही परिणाम माहीत आहेत म्हणून.

आणि एक मत, थोडं कडक आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असताना एका रात्री काही टीव्ही चॅनेलवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या धडाधड चालू होत्या, आणि त्या खोट्या निघाल्या. लोक घरात बसून टाळ्या वाजवत होते. पहलगाममध्ये आपली माणसं मारली गेली होती, राग येणं अगदी साहजिक आहे, मला पण आला होता, पण अणुबॉम्ब असलेल्या दोन देशांमधलं युद्ध मॅचसारखं बघणं मला भयंकर वाटतं. हिरोशिमावर पडलेला बॉम्ब आजच्या हिशोबाने लहान होता, पंधरा किलोटनच्या आसपास, म्हणजे पंधरा हजार टन स्फोटकांएवढा, आणि वर्ष संपेपर्यंत त्या शहरात साधारण एक लाख चाळीस हजार माणसं गेली होती. त्यातून वाचलेल्या लोकांच्या जपानी संघटनेला २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं. म्हणून बाबांची भीती मला हसण्यावारी न्यावीशी वाटत नाही. अणुयुद्धाला घाबरणारा माणूस मला टाळ्या वाजवणाऱ्यापेक्षा कितीतरी शहाणा वाटतो.

बाबा ७० चे म्हणजे डिसेंबर १९७१ मध्ये सोळा-सतरा वर्षांचे असतील. तेव्हा मुंबईत ब्लॅकआउट होता, खिडक्यांना काळे कागद लावायचे, गाड्यांचे दिवे अर्धे काळे करायचे, सायरन वाजला की सगळं अंधार. तू त्यांना कधी विचारलंयस का त्या दिवसांबद्दल? आणि नंतरची सगळी नोकरी रिफायनरीत, म्हणजे एक ठिणगी काय करू शकते हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये माहुलला बीपीसीएलच्या रिफायनरीत स्फोट झाला, चाळीसच्या वर लोक जखमी झाले, आजूबाजूच्या वस्तीत घरं हादरली, तो आवाज तुमच्या घरात पण आला असेल. मग मे २०२५ मध्ये मॉक ड्रिल झालं, क्रॉस मैदानात सायरन वाजले, टीव्हीवर दिवसभर तेच. या माणसाला तू चारचौघांसमोर ग्रुपवर अडाणी म्हणालीस. तू नाव घेतलं नसशील पण सगळ्यांना कळलं, त्यांना तर कळलंच. त्यांची माहिती चुकीची आहे पण भीती खोटी नाही, आणि तू दोन्हीला एकच शब्द वापरलास. जाऊन सांग त्यांना, बाबा, ग्रुपवर तसं लिहायला नको होतं, एवढंच, लांबलचक स्पष्टीकरण नको, आणि त्याच दमात पण फाईव्ह जीचं तुमचं चुकतंच असं जोडू नकोस, ते दुसऱ्या दिवशी बोल. हवं तर ग्रुपवर पण एक ओळ टाक, कारण दुखावलं तिथेच आहे.

आता मला ज्याच्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय ते. तुमच्या घरात इराणची चर्चा होते, बीएआरसीची होते, फाईव्ह जीची होते, आणि तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात जिन्याबद्दल एक शब्द नाही. मीटर बॉक्सखाली स्कूटर उभ्या असतात का? जिन्यात जुनी कपाटं, पेपरची रद्दी, चपलांचे स्टँड? गच्चीच्या दाराला कुलूप आहे आणि चावी फक्त सेक्रेटरीकडे? ६ ऑक्टोबर २०२३ ला गोरेगावात एका एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातल्या बिल्डिंगला पहाटे खाली पार्किंगमध्ये आग लागली, गाड्या आणि तिथे साठवलेल्या चिंध्या पेटल्या, धूर जिन्यातून वर चढला आणि निदान सात जण गेले. बरोबर एक वर्षाने, ६ ऑक्टोबर २०२४ ला, तुमच्याच चेंबूरमध्ये सिद्धार्थ कॉलनीत खालच्या दुकानात आग लागली आणि वर झोपलेल्या एकाच कुटुंबातली सात माणसं गेली. यात कुठेही अणू नाही, फाईव्ह जी नाही, परदेश नाही. वायर, सामान, धूर आणि बाहेर पडायला नसलेली वाट. आणि याच शहरात लोकलच्या रुळांवर दर वर्षी दोन हजारांच्या वर माणसं मरतात, तुझा नवरा रोज ट्रेननेच जात असेल तर त्या दरवाजात लटकण्याबद्दल घरात कधी कोणी आवाज चढवलाय का?

महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. ज्या इमारतींना आगीची यंत्रणा लागू आहे त्यांनी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून तपासणी करून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. तुमच्या बिल्डिंगला काय काय लागू आहे ते वॉर्डातल्या फायर ऑफिसला विचारा. लागू नसलं तरी जिना मोकळा ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. वायरिंग १९८६ चंच असेल आणि त्यावर आता प्रत्येक घरात दोन-दोन एसी असतील तर ते एकदा इलेक्ट्रिशियनला दाखवा, मुंबईत बहुतेक आगी इलेक्ट्रिक बिघाडानेच लागतात.

आणि हे सगळं करायला तुमच्या सोसायटीत सगळ्यात लायक माणूस कोण आहे माहितेय? बाबा. रिफायनरीत आयुष्य काढलेल्या माणसाला असेंब्ली पॉइंट म्हणजे बाहेर पडून सगळ्यांनी जमायची जागा कुठे ठरवायची, डोकी कशी मोजायची, वाऱ्याची दिशा का बघायची, हॉट वर्क परमिटशिवाय, म्हणजे ठिणग्या उडणाऱ्या कामाच्या लेखी परवानगीशिवाय, वेल्डिंग का करू द्यायचं नाही, हे सगळं तोंडपाठ असतं. टॉवर लावताना गच्चीवर वेल्डिंग होणार की नाही? मग तिथे पाण्याची बादली, फायर एक्स्टिंग्विशर आणि लक्ष ठेवायला एक माणूस असणार की नाही, हा प्रश्न कमिटीत कोणालाच सुचलेला नसणार, बाबांना विचार, ते एका मिनिटात सांगतील. चेंबूर-माहुलला रिफायनऱ्या आहेत, खताचा कारखाना आहे, तिथे वायुगळतीची शक्यता ही अणुबॉम्बपेक्षा कितीतरी जवळची गोष्ट आहे. भोपाळला १९८४ च्या त्या रात्री कितीतरी लोक जिकडे गॅस जात होता तिकडेच धावत सुटले, कारण त्यांना आधी कधी कोणी काही सांगितलंच नव्हतं. घरात असाल तर खिडक्या, एसी, एक्झॉस्ट बंद, फटींना ओला कपडा. बाहेर असाल तर ओला रुमाल नाकातोंडावर आणि वाऱ्याला आडवं चालायचं, वाऱ्याबरोबर नाही. हे बाबा सोसायटीतल्या मुलांना जितकं चांगलं समजावतील तितकं तू आणि मी नाही समजावू शकणार. त्यांच्याकडे सांगायला काहीतरी आहे पण ऐकायला कोणी नाहीये, म्हणून ते दुसऱ्याचं लिहिलेलं पुढे ढकलत बसतात असं मला वाटतं. चूक असू शकेल, पण करून बघ.

मुलाचं. लाइट चालू ठेवू दे सध्या, छोटा दिवा लाव, त्यावरून रागावू नकोस. रात्री जेवताना बातम्या बंद, ही गोष्ट नवऱ्याने करावी, त्याला गप्प बसणं आवडतं ना, मग टीव्हीला गप्प करू दे. मुलाला काहीच होणार नाही असं खोटं प्रॉमिस देऊ नकोस, नऊ वर्षांच्या मुलाला ते कळतं. त्याला त्या यादीची गोष्ट सांग, दर १ जानेवारीवाली, मुलांना अशा गोष्टी आवडतात. आजोबांना सांग की ७१ मध्ये तुम्ही काय केलंत ते त्याला सांगा, अंधारात काय खेळायचात, कोण कागद लावायचं, कारण त्यात त्याला ऐकू येईल की सायरन वाजले आणि आजोबा तरीही मोठे झाले. आणि त्याला एखादं काम दे, टॉर्च कुठे ठेवायचा ते त्याने ठरवायचं, १०१ फायरचा, ११२ सगळ्याचा, १९१६ महापालिकेचा हे नंबर त्याने मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावायचे. हाताला काम मिळालं की मुलांची भीती बरीच कमी होते. महिनाभरात झोप सुधारली नाही तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखव, लाजू नकोस.

शेवटी जनरल बॉडी. आधी बघ फ्लॅट कोणाच्या नावावर आहे. माझा अंदाज आहे बाबांच्या. तसं असेल आणि तुझं नाव जॉइंट किंवा असोसिएट मेंबर म्हणून नसेल तर तुला मत देता येणार नाही, मत बाबांचं असेल. म्हणजे चेअरमननी टोमणा मारला तो बाजूला ठेवला तरी तुला बाबांबरोबर बसावंच लागेल. एकमत व्हायची गरज नाही, ते टॉवरला नाही म्हणू देत, तू हो म्हण, पण दोघांनी मिळून एक कागद लिहा. त्यात स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट आणि वजनाबद्दल इंजिनिअरचं पत्र मिळेपर्यंत निर्णय नाही, लहरींची आधी-नंतर मोजणी, वेल्डिंगच्या वेळी देखरेख, जनरेटर कुठे ठेवणार आणि त्याचा धूर कोणाच्या खिडकीत जाणार, गच्चीची चावी सगळ्यांना मिळेल अशा जागी, आणि भाड्यातला पहिला पैसा वायरिंग आणि फायर एक्स्टिंग्विशरवर. खाली दोघांच्या सह्या. मीटिंगच्या आधी सेक्रेटरीकडे लेखी द्या आणि कॉपीवर पोच घ्या, नाहीतर वेळ नाही म्हणून विषय गुंडाळतील. मीटिंगमध्ये तो कागद वाचून दाखवायला बाबांना उभं राहू दे, आकडे विचारले की तू दे.

आणि कंपनीने वजनाचं पत्र द्यायला टाळाटाळ केली तर तुझं मत पण नाहीचं कर, भाडं कितीही असो. मोजणी झाली की आकडे मला नक्की पाठव, मला बघायचेत.